मधात कोन राहीन?

१० नोव्हेंबर १९३८, मलकापूर

आजपासून ही वही. कारण पोस्टमन.

सकाळी पुंजाजी पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "उकंडाभाऊ! हे निशिकांत कोन व्हय? तुमच्या घरी पाहुने उतरले का?" हातात माझ्या कादंबरीचं बाड. पुण्याच्या मासिकानं परत केलेलं. गल्लीतली सगळी दारं उघडली. समोरच्या ओट्यावर माझ्या वर्गातला एक पोट्टा राखुंडीनं दात घासत होता, त्याचं बोट तोंडातच राहिलं.

निशिकांत म्हणजे मी. उकंडा म्हणजेही मीच. पहिलं नाव माझं मी ठेवलं, दुसरं मायनं. शाळेत तिसरंच चालतं, यू. एम. खर्चे. हेडमास्तरांनी माझं सर्टिफिकेट पाह्यलंय, पण भला माणूस, हजेरीवर यू. एम.च लिहितात. पोरांची समजूत, यू म्हणजे उमाकांत. आज सकाळपर्यंत होती.

संपादकांनी सोबत कार्ड टाकलंय. 'पात्रांस नावे द्यावीत, म्हणजे वाचकांस ओळख पटेल. भाषेस ग्रामीण वळण आहे.' अहो, एकाही पात्राला नाव नाही हाच तर प्रयोग आहे! आणि भाषेचं म्हणाल तर या वहीत मी आता माझ्या तोंडातली खिचडी आहे तशीच वाढणार. नागपूरचं बी.ए. आणि माझ्या गावचं, धामणगाव बढ्याचं दूध, दोन्ही त्यात.

१२ नोव्हेंबर

नावाचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. उकंडा म्हणजे उकिरडा. माझ्याआधी मायचे तीन पोरं गेले. तिघांची नावं देवांची होती, आणि एकही महिन्याचा झाला नाही. मी झालो तेव्हा मायनं मला फुटक्या सुपात घातलं, गोठ्यामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं आणि मागं न पाहता घरी आली. शेजारच्या झुंबरबाईनं मला उचललं. "कोनाचं व्हय हे पोट्टं? कोनी फेकलं?" असं विचारत आळीभर फिरली आणि शेवटी सूपभर ज्वारी घेऊन मायलाच विकलं. म्हणजे वरच्याला वाटावं, हा माल टाकाऊ आहे, न्यायच्या लायकीचा नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षांत मी एका गोवराशिवाय आजारी पडलो नाही. हा अर्थात योगायोग आहे.

आता घरात मी, बायको चारुलता आणि दिवाळीपासून माय. चारुलताला नववा लागलाय. तिला आई नाही, म्हणून खामगावला माहेरी न जाता बाळंतपण इथंच. बाबा गावी. कापूस वेचणीला आलेला असताना ते जावळाला आले तरी मिळवली.

१४ नोव्हेंबर

आज लढाईची तयारी करून बसलो होतो. जेवण झाल्यावर मायला सांगितलं, "पोरगा झाला तर प्रियदर्शन. पोरगी झाली तर मृण्मयी." वाटलं, आता ती म्हणेल, हे काय नाव व्हय? आजोबाचं ठेव, देवाचं ठेव. माझ्याकडे सगळ्या मुद्द्यांची उत्तरं तयार होती.

माय तुरीच्या दाळीतले खडे निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, "ठेव ना बापा. लेकराचं नाव चांगलं सोन्यासारखं ठेव. मले काय करा लागते?"

"मोठं आहे नाव. तुला म्हणता येणार नाही."

"मी बाळ्या म्हनीन, नाई तं बाई म्हनीन. तू ठेव."

इतक्या सहज? माझी उत्तरं वाया गेली. चारुलता तोंडाला पदर लावून हसत होती. मायची जुनी पिढी बदलते आहे, असं मी तिला म्हणालो. तिनं विचारलं, "तुम्हाले लढाई पाहिजे होती का जिंकणं?" मी म्हणालो, जिंकणं. पण खरं सांगायचं तर थोडी लढाईही पाहिजे होती.

१५ नोव्हेंबर

अनर्थ.

रिकाम्या तासात पाटीवर नाव कसं दिसतं ते लिहून पाहत होतो. मृण्मयी. छान. मृण्मयी खर्चे. बरं. मग हात सवयीनं पूर्ण लिहून गेला.

मृण्मयी उकंडा खर्चे.

जरीच्या लुगड्याला मधोमध गोणपाटाचं ठिगळ! पाटी लगेच पुसली. पुसून पुन्हा लिहिलं. प्रियदर्शन उकंडा खर्चे. हे तर त्याहून. मी कितीही प्रयोग केले, कितीही टोपणनावं घेतली, तरी हे मधलं नाव माझ्या लेकरासोबत शाळेत जाणार, कॉलेजात जाणार, लग्नपत्रिकेवर छापलं जाणार.

१७ नोव्हेंबर

या मधल्या नावाचा आजवर कोणी विचारच केलेला दिसत नाही. पहिलं नाव निवडता येतं. आडनाव कोणी निवडत नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. पण मधलं? ते बाप ठरला की ठरलं. आणि बाप तर लेकरानं निवडलेला नसतो. म्हणजे हा अन्याय आहे. मोठा अन्याय.

१९ नोव्हेंबर

सापडलं!

मधात आईचं नाव लावायचं. नऊ महिने पोटात वागवते कोण? रात्रंदिवस जागते कोण? मग बापानंच काऊन मिरवायचं? मृण्मयी चारुलता खर्चे. अहाहा. वाचतानाच कसं पाण्यासारखं वाहतं. मध्यप्रांत-वऱ्हाडात असा प्रयोग करणारा मी पहिलाच असेन.

लक्ष्मीकांतला सांगितलं. हा माझा नागपूरच्या बोर्डिंगपासूनचा मित्र. आता माझ्याच शाळेत चित्रकला शिकवतो आणि चारचौघांत मला यू. एम. म्हणायची मेहरबानी करतो. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "बे, खरं सांग. हा उद्धार बायकांचा आहे का तुझा?"

मी म्हणालो, "उद्धार वाटून घेतला तर कोणाचं काय जातं?"

"वहिनींना विचारलं?"

"विचारायचं काय? त्यांच्याच हक्काची गोष्ट आहे."

लक्ष्मीकांत बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. चित्रकलेच्या माणसांना अशी सवय असते.

२० नोव्हेंबर

चारुलता जुन्या लुगड्याची कुंची शिवत होती. मी तिच्यासमोर बसून सगळा सिद्धांत मांडला. ती टाका घालत ऐकत होती.

"मग मधात कोणाचं नाव?"

"तुझं."

"माझं कोणतं?"

"चारुलता. दुसरं कोणतं?"

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "ते तं तुमचंच आहे."

"माझं कसं?"

"तुम्हीच ठेवलं ना. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून मोकळे झाले. तांदूळ पुरेना तं भटजींनी अजून मूठभर टाकले. मले विचारलं होतं का? सतरा वर्षं मी शारदा होते. आजही बाजारात कोणी शारदा म्हणून हाक मारली का माझी मान वळते."

"पण चारुलता किती सुंदर नाव आहे."

"सुंदर आहे. नाही कोण म्हणते? पण ते मधात लावाल तं तुमचंच लावणं झालं. मग सरळ उकंडा लावा. निदान ते तुमच्या मायनं तरी ठेवलं."

आणि पुन्हा टाके घालायला लागली. नवीन विचार पचायला बायकांना वेळ लागतो, हे खरंच आहे. हा संवाद कादंबरीत घ्यावा. पात्राला नाव न देता.

२४ नोव्हेंबर

मायला सांगितलं. चूक झाली.

मला वाटलं, पहिल्या नावाला हो म्हणाली, तर मधल्यालाही म्हणेल. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "माय, लेकराच्या मधात माझं नाव नाही लावणार. सूनबाईचं लावणार."

तिचा हात परातीत थांबला. "तुह्यं नाई?"

"नाही."

"मंग मधात कोन राहीन?"

"सांगितलं ना. चारुलता."

"ते नाई बापा. मधात कोन राहीन?"

तोच प्रश्न दोनदा विचारला. मी तेच उत्तर तिसऱ्यांदा दिलं. तव्यावरची भाकर करपली. मायच्या हातून भाकर करपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मग मी जरा समजावणीच्या सुरात म्हणालो, की जग बदलतंय, आईचाही काही मान आहे की नाही? त्यावर ती म्हणाली, "आईचा मान? हाव. लय मान झाला माह्या." आणि उठून मागच्या दारी जाऊन बसली.

काही चुकीचं बोललो का मी? तिचंच तर बोलत होतो. आईचं.

२५ नोव्हेंबर

माय बोलत नाही. गाठोडं बांधून ठेवलंय. "धामनगावची बंडी भेटली तं जातो," म्हणते. चारुलतानं तिचे पाय धरले, तेव्हा कुठं गाठोडं सोडलं. पण दुपारी ती कापसाच्या बाजारात गेली होती. आमच्या गावच्या बंड्या, कापसाच्या बैलगाड्या, आल्या आहेत. कोणाशी काय बोलली, सांगत नाही.

२८ नोव्हेंबर

काय बोलली ते आज कळलं.

शाळेतून येतो तर दारात कापसाची भरलेली बंडी, आणि कापसाच्या ढिगावर, एखाद्या देवीसारखी, झुंबरबाई. केसात कापूस, भुवईत कापूस. हीच ती मला उकंड्यावरून उचलणारी. मला पाहताच वरूनच सुरू झाली.

"ये बे, ये! नाव फेकून राह्यला म्हने तू?"

"फेकत नाही, मामी. फक्त मधात..."

"थांब, उतरू दे." उतरली. कमरेवर हात. "तुले कोनी उचललं व्हतं?"

"तुम्ही."

"कितीत इकलं?"

"सूपभर ज्वारीत."

"तो सौदा कायचा व्हता? पोट्ट्याचा? पोट्टं तं कोनाच्याही घरी व्हते. सौदा नावाचा व्हता! नाव फेकलं का सौदा मोडला. मंग माह्या माल मले वापस पाहिजे. तुह्या मायची, तानुबाईची जवारी मी सुपानं मोजून देतो. तू चाल धामनगावले. माह्या वावरात हरबऱ्यातलं गवत निंदाले मानूस नाई."

गल्लीत गर्दी. राखुंडीवाला पोट्टा पहिल्या रांगेत. लक्ष्मीकांत सायकल धरून उभा, आणि मदत करायची सोडून न्यायाधीशासारखा म्हणतो, "मामी, कायद्यानं बरोबर आहे तुमचं."

मी म्हणालो, "मामी, अहो मी आईचाच मान करून राह्यलो. लेकराच्या मधात आईचं नाव..."

"असं व्हय? मंग सुरुवात तुह्यापासून कर. तुह्या मधात माह्यं लाव. उकंडा झुंबरबाई. लाव! इकलं मी, उचललं मी. दूध पाजलं नाई तेवढंच."

समोरच्या ओट्यावरच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. माय मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि हसत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, लहानपणी मी विहिरीच्या काठावर बसलो की पाहायची तशी. एवढ्या नावासाठी एवढं?

मी विचार करतो म्हणालो. झुंबरबाई म्हणाली, "कर. मी बाळंतपन होईस्तोवर इथीच हाव." आता घरात दोघी.

२ डिसेंबर

तिसरा मार्ग: मीच माझं नाव बदलून घ्यायचं. कायद्यानं निशिकांत व्हायचं, म्हणजे मधात आपोआप निशिकांत. चारुलताला म्हणालो. ती म्हणाली, "लग्नात उखाण्यात तुम्ही मले निशिकांत घ्यायला लावलं, तवा सासूबाई मांडवात चौफेर पाहत होत्या, हा कोण नवरदेव म्हणून. तेच पुन्हा करायचं का?"

हा मार्गही बंद नाही. पण अरुंद झाला.

६ डिसेंबर

मुलगी.

तिसऱ्या तासाला लक्ष्मीकांत वर्गाच्या दारात आला आणि नुसती मान हलवली. मी खडू हातात घेऊनच पळालो. घरी आलो तर आतली खोली बंद. आत रुक्मिणीबाई सुईण, माय, झुंबरबाई. मी ओट्यावर. आतून चारुलताचा आवाज येत होता, मग एकदम थांबला. मग रुक्मिणीबाईचा, "झाली, झाली, मुलगी हाय." आणि मग काहीच नाही.

लेकरं रडतात ना? जन्मल्यावर रडतात. मी ऐकत होतो. आतून कोणी थाळी वाजवल्याचा आवाज आला. मग पाठीवर थापट्यांचा. रडणं नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण लिहितो. भिंतीला सूप टांगलेलं होतं. ते मी घेतलं. गल्लीच्या टोकाला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं उकिरडा आहे. राख, सरकीचं टरफल, शेण, फुटके माठ. तिथं गेलो आणि मधोमध जागा करायला लागलो. काचा उचलून बाजूला फेकल्या, माठाचे तुकडे काढले, हातानं राख सारखी केली. उकिरड्यावर झाडलोट करणारा माणूस जगात मी पहिलाच असेन.

"रडली! रडली रे!" झुंबरबाई गल्लीतून धावत येत होती. मला पाहून थांबली. मी कोपरापर्यंत राखेनं भरलेला.

"सूप कायले आनलं बे?"

"पाखडायला."

"उकंड्यावर?"

"हो."

झुंबरबाईनं माझ्याकडे पाहिलं, सारख्या केलेल्या राखेकडे पाहिलं, आणि सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

मुलगी फार लहान आहे. माझ्या तळहातावर मावेल एवढी. डॉक्टर येऊन पाहून गेले, म्हणाले, ऊब पाहिजे. लक्ष्मीकांत जिनिंगमधून धोतराच्या सोग्यात ताजी रुई घेऊन आला, सरकी नुकतीच काढलेली. पोरगी त्या रुईत ठेवली. नुसतं नाक दिसतं. चारुलता डोळे मिटून पडलीय, पण हात त्या रुईवर.

८ डिसेंबर

दूध ओढत नाही. वातीनं पाजतात.

९ डिसेंबर

आज मायशी बोललो. चारुलता झोपली होती, झुंबरबाई पाण्याला गेली होती. माय चुलीपाशी पोरीसाठी चिंध्या शेकत होती.

मी म्हणालो, "माय, हिलेही ठेवू का?"

"कुठी?"

"तिथं. सुपात घालून. मामी उचलेल. मग नाव..." पुढचं तोंडातून निघेना. माझ्या मृण्मयीचं नाव उकंडी ठेवू, असं बी.ए. झालेला माणूस कसा म्हणणार? पण म्हणालो. "नाव उकंडी ठेवू."

मायनं चिंधी खाली ठेवली. इतक्या दिवसांत प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. आणि हसली.

"कायले रे? तिच्या मधात तू हायेस ना."

मला कळलं नाही. तिनं दाराकडे पाहिलं, मला जवळ ओढलं आणि अगदी हळू बोलली. "जवारीच्या वावरात बुजगावनं किती उभे करतेत?"

"एक."

"कनसाकनसाले बांधत नाई ना? मधात एक उभं केलं का साऱ्या वावराले पुरते. कनसं मंग मोत्यावानी झाले तरी पाखराची टाप नाई. म्हनून मी म्हनलं, पहिलं नाव सोन्यासारखं ठेव. कोनतंही ठेव. मधात उकंडा उभा हाय. वरून कोनी डोकावून पाह्यलं तं पहिले तो दिसन. जाईन वापस."

मी विचारलं, हे त्याच दिवशी काऊन नाही सांगितलं?

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला राखेचा आणि ओव्याचा वास होता. "असं बोलून दाखवतेत का, येड्या? वरच्याले आयकू गेलं तं?"

मग माझ्या लक्षात आलं, पंधरा दिवसांपूर्वी ती काय विचारत होती. मधात कोन राहीन.

हे सगळं अंधश्रद्धा आहे, हे मी इथं लिहून ठेवतो. आणि पोरीच्या मधात उकंडा राहील, हेही लिहून ठेवतो.

१० डिसेंबर

दूध ओढलं! दोनदा! चारुलता म्हणाली, "चावते." मी ही बातमी लक्ष्मीकांतला, हेडमास्तरांना आणि पुंजाजी पोस्टमनला सांगितली. पुंजाजी म्हणाला, "निशिकांतरावलेही सांगा."

१३ डिसेंबर

मधलं नाव ठरल्याचं चारुलताला सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"कसं?"

"मामींनी सांगितलं. सूप पाखडायला नेलं होतं म्हणे."

मी विषय बदलला. म्हणालो, मग आता पहिलं मृण्मयी. ती पोरीच्या कानामागचं तेल पुसत होती.

"मधलं सासूबाईंनी ठेवलं. आडनाव तुमच्या बापदादांचं. पहिलं तरी मी ठेवू का?"

नाही कसं म्हणणार? "ठेव."

"शारदा."

"पण ते तर तुझं..."

"माझं कुठं? माझं चारुलता आहे. शारदा तं तवापासून रिकामं पडलंय. कोरं आहे, फार वापरलेलं नाही. पोरीले होईल."

मी मायकडे पाहिलं, की ती तरी म्हणेल, जित्या मायचं नाव लेकीला ठेवतेत का कुठं? माय म्हणाली, "लगन झालं का पोरीचं नाव मरते म्हनतेत. मेलं कुठी? पडून व्हतं. उचला मंग."

उचला म्हणाली. झुंबरबाईनं लगेच दोन्ही हात पुढं केले, जणू नावही तिनंच उचलायचं होतं.

म्हणजे शेवटी लेकराच्या नावात आईचं नाव आलं. माझा सिद्धांतच होता तो. फक्त जागा बदलली.

१७ डिसेंबर

बारसं. बाबा खरंच आले, कापूस टाकून. पाळण्यात पोरीकडे पाहून म्हणाले, "रुईत ठेवली म्हनून गोरी झाली." एवढंच. पण जेवण होईपर्यंत पाळण्यापासून हलले नाहीत.

मला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान झुंबरबाईला. तिनं पोरीच्या कानात "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. शारदा हळू. पुढचं मात्र असं की ओट्यावरच्या माणसांनाही ऐकू गेलं. मायनं तिला हिरवं लुगडं नेसवलं. "सौदा पक्का?" मी विचारलं. "पक्का. पन निंदाले ये बे एखाद डाव."

मग बायांनी चारुलताला धरलं. नाव घ्या, नाव घ्या. लग्नानंतर ती टाळत आली होती. आज उभी राहिली, पोरगी खांद्यावर, आणि माझ्याकडे पाहत:

"उन्हातान्हात डोक्यावर गार पाण्याचा हंडा,
साऱ्या मलकापुरात माझ्या वाट्याले आला उकंडा!"

असा हशा पिकला की पोरगी दचकून रडायला लागली. चांगली खणखणीत रडते आता. माय हसता हसता डोळे पुसत होती. मी उभा होतो आणि माझे कान गरम झाले होते. पण पहिल्यासारखे नाही.

२० डिसेंबर

म्युनिसिपालटीत पोरीची नोंद करायची होती. नाव ठरल्याशिवाय जायचं नाही म्हणून थांबलो होतो. लक्ष्मीकांत सोबत येतो म्हणाला, मी नको म्हणालो.

नोंदणीचे कारकून भगवानराव. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. कचेरीत बंड्यांचा कर भरायला आलेल्या माणसांची गर्दी, कापसाचे तंतू हवेत उडत होते. भगवानराव उठून म्हणाले, "या मास्तर, बसा. मुलीचं नाव?"

"शारदा."

"वा. वडिलांचं? यू. एम. माहीत आहे, पण इथं पूर्ण लागेल."

मी सांगितलं. तोंडातल्या तोंडात.

"काय? जरा मोठ्यानं सांगा, या गलक्यात ऐकू येत नाही."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि वर्गात पोरांना गप्प करतो त्या आवाजात म्हणालो, "उकंडा!"

"ओ!" मागून आवाज आला.

"काय हो?" दाराकडून दुसरा.

मी वळून पाहिलं. मागं पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, हातात पावती. दाराशी माझ्याच वयाचा एक गाडीवान, मुंडाशात कापूस. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राह्यलो. भगवानरावांचा टाक हवेतच.

म्हातारा जवळ आला. मला खालून वर पाहिलं. कोट, चष्मा, फाउंटन पेन.

"तुह्याआंधी किती गेले व्हते?"

"तीन."

"माह्याआंधी पाच." त्यानं गाडीवानाकडे पाहिलं. गाडीवानानं दोन बोटं वर केली.

म्हातारा हसला. दात नव्हते. "आन् आपुन हाव." मग टेबलावर वाकून, भगवानराव काय लिहितात ते पाहायला लागला. त्याला वाचता येत नसावं, पण पाहत होता. "पोरीचं व्हय? नाव काय ठेवलं?"

"शारदा."

"शारदा उकंडा." त्यानं नाव तोंडात घोळवून पाहिलं. मग माझ्या कोटाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाय घरी. काई होत नाई तिले."